तीन झाले, चौथा कुठाय?

शुक्रवार : काटा

गुरुवारी रात्री आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा हॉलमध्ये आला आणि भाचीने एकेक वस्तू त्यावर ठेवायला सुरुवात केली. डोंगरावर नेऊन बोलायचा रेडिओ ९०० ग्रॅम. लिथियमची बॅटरी ८००. वीस मीटर वायर, तिच्या टोकाचा छोटा ट्रान्सफॉर्मर, कोॲक्स केबल आणि दोरी मिळून अर्धा किलो. अँटेना उभी करायला मासे पकडायची, एकात एक सरकणारी सहा मीटरची काठी. दोन हँडी, म्हणजे हातात धरायचे छोटे रेडिओ. वही, दोन पेन्सिली. पेन थंडीत दगा देतं, पेन्सिल नाही, हे काकांचं सांगणं. पाणी आणि खाणं धरून माझी सॅक अकरा किलोच्या वर गेली, तेव्हा मी दुसरा स्वेटर बाहेर काढला. त्या स्वेटरची आठवण पुढे निघेलच.

शुक्रवारी दुपारी पुण्याहून निघालो. आम्ही तिघं : मी, माझी पंधरा वर्षांची भाची आणि गाडी चालवायला कॉलेजचा मित्र. मित्र पट्टीचा ट्रेकर, पण रेडिओशी त्याचा संबंध गाडीतल्या गाण्यांपुरता. आम्हांला तो ‘अँटेनावाले’ म्हणतो. भाचीला हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, लायसन्स नुकतंच मिळालं होतं. आपल्याकडे बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. परीक्षा तिने महिन्याभराच्या अभ्यासात दिली, पण कागद हातात यायला लागलेला काळ विचारू नका. तेवढ्यात तिची उंची दोन इंच वाढली. आता ‘व्हिक्टर युनिफॉर्म थ्री’ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, तिच्या नावावर होता आणि तो अजून एकदाही डोंगरावरून हवेत गेला नव्हता.

आळेफाटा सोडल्यावर मित्राने विचारलं, “नक्की करायचं काय असतं वर जाऊन?”

या खेळाचं नाव ‘समिट्स ऑन द एअर’, बोलताना नुसतं ‘सोटा’. २ मार्च २००२ ला ब्रिटनमध्ये सुरू झाला. रेडिओ, बॅटरी, अँटेना सगळं पाठीवर वाहून शिखरावर न्यायचं आणि तिथून निदान चार वेगवेगळ्या हॅमशी बोलायचं. एकमेकांचा कॉलसाइन आणि आवाजाचा रिपोर्ट दोन्ही बाजूंनी पोचला, तर संपर्क धरायचा. मधल्या रिपीटरचा, म्हणजे आवाज उचलून पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा, टेकू चालत नाही. गाडीची बॅटरी चालत नाही, जनरेटर चालत नाही. शिखराच्या माथ्यापासून उभ्या पंचवीस मीटरच्या आत बसायचं, त्याखाली नाही. उंचीप्रमाणे एक ते दहा गुण. हजार गुण झाले की तुम्ही ‘माउंटन गोट’, म्हणजे डोंगरी बोकड. घरी बसून शिखरावरच्यांना पकडणाऱ्यांनाही गुण असतात आणि त्यांचे हजार झाले की त्यांना म्हणतात ‘शॅक स्लॉथ’. स्लॉथ म्हणजे झाडाला दिवसभर लटकून राहणारा तो आळशी प्राणी.

“मला दुसरं चालेल,” मित्र म्हणाला.

गुणांचा हिशेब आम्ही ठेवणार नव्हतो, पण नियम पाळणार होतो, कारण काका. काका म्हणजे नात्याने कोणी नव्हेत. मला मोर्स शिकवणारे पुण्यातले जुने हॅम, वय सदुसष्ट. नियमात सूट मागितली की त्यांचं ठरलेलं उत्तर : “मग पत्ते खेळा.” त्यांचा स्वतःचा एक जास्तीचा नियम आहे. चारही संपर्क एकाच तारखेला व्हायला हवेत. आणि तारीख कुठली, तर वहीतली. जगभरच्या हॅमची वही चालते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत वहीत कालचीच तारीख. या नियमाने सोमवारी आमचा जीव काढला.

संगमनेर, अकोले, राजूर करत कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीत पोचलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा. घरच्या मावशींनी सॅकमधून डोकावणारी काठी पाहिली, पण विचारलं काही नाही.

शनिवार : कळसूबाई

पहाटे साडेपाचला निघालो. जानेवारीत गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि पायाखालची मुरमाड माती घसरते. शिड्यांवरचं लोखंड हाताला चावत होतं. काठी सॅकच्या बाजूला बांधलेली. प्रत्येक शिडीवर ती वरच्या पायरीत अडकायची आणि मागून भाची म्हणायची, “मामा, डावीकडे झुक.” वाटेत तिला कळसूची गोष्ट सांगितली. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर कामाला राहिलेली मुलगी. एक दिवस मालकाने तीच कामं सांगितली, तशी ती सरळ डोंगरावर निघून गेली आणि परत आलीच नाही. भाचीला अट फार पटली.

शिखराच्या थोडं खाली विहीर आहे. तिथे पाणी भरलं आणि नवाच्या सुमारास माथ्यावर. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याच्या वर काही नाही. देवीचं देऊळ इवलंसं, दोन-तीन माणसं आत मावतील एवढं. दर्शन घेतलं. दर्शनाच्या वाटेत आपली वायर नको म्हणून देवळापासून थोडं खालच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला बसलो. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी आणि त्यापलीकडे धुरकटात हरिश्चंद्रगडाचा माथा. उद्याची जागा आजच दिसत होती.

आधी सोपं काम. दोन मीटरच्या बँडसाठी (हे मीटर लहरीच्या लांबीचे) मी घरी केलेली अँटेना होती : जुन्या टीव्हीला लागायची ती चपटी वायर, दीड मीटरचा तुकडा, एका ठिकाणी खाच. गुंडाळली की खिशात जाते, काठीला टांगली की हँडीची मूळची बोटभर अँटेना तिच्यापुढे काहीच नाही. भाचीने १४५.५०० मेगाहर्ट्झ लावलं, घसा साफ केला आणि तिचा आवाज एकदम बातम्या देणारीसारखा झाला. “सीक्यू सीक्यू, कळसूबाई शिखरावरून...” सीक्यू म्हणजे ऐकणाऱ्या कोणालाही हाक.

दोन सेकंदांत नाशिक. पाच-नऊ, म्हणजे खोलीत शेजारी बसून बोलावं तसं. मग ठाण्यातून एक जण, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता. त्याच्याच हँडीवरून, पाच वॅटवर, हवेतून नव्वदेक किलोमीटर. मित्र पहिल्यांदा जवळ सरकला. “टॉवर नाही, काही नाही, तरी?”

पुण्यात माझ्या गच्चीवरून हीच हँडी कोथरूडच्या पलीकडे जात नाही. या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ चालतात. इमारत आली, टेकडी आली की संपलं. वर आलं की मधलं सगळं पायाखाली जातं. काकांचा ठोकताळा आहे : उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढायचं आणि चाराने गुणायचं, साधारण तेवढे किलोमीटर क्षितिज. भाचीने वहीच्या कडेला गणित मांडलं. १६४६ चं वर्गमूळ साडेचाळीस, गुणिले चार, एकशे बासष्ट. “आणि समोरचाही डोंगरावर असेल तर त्याचे वेगळे मिळवायचे?” मिळवायचे.

समोरचा डोंगरावर होताच. काका सिंहगडावर. तिथे गाडी वरपर्यंत जाते, पण गाडीने गेलेलं धरत नाहीत म्हणून सदुसष्टाव्या वर्षी ते आतकरवाडीच्या पायवाटेने चढले होते. दहाला त्यांची हाक यायची ठरली होती. दहा वाजले, सव्वादहा झाले. मग खरखरीतून तुटक आवाज आला. सिंहगडावर टीव्हीचे मोठे मनोरे आहेत. त्यांच्या शेजारी साधी हँडी बहिरी होते, बँडबाजाशेजारी कुजबुज ऐकायला बसल्यासारखी. काका खडकाची पाठ शोधत सरकत गेले. “आता बघ... आता?” एकदम आवाज उघडला. एकशे पस्तीसेक किलोमीटर, शिखर ते शिखर.

“रिपोर्ट दे,” काका म्हणाले. कौतुक वगैरे नाही.

“फाइव्ह सेव्हन, काका.”

“काका नाही. कॉलसाइन.”

तिने कॉलसाइन दिला. चौथा संपर्क नारायणगावच्या अलीकडून मिळाला आणि अर्ध्या-पाऊण तासात कळसूबाई झालीसुद्धा.

यानंतर मी लांब वायर पसरली, चाळीस मीटरच्या बँडवर जायला, आणि कोॲक्सच्या टोकाचा बीएनसी कनेक्टर हातातच निखळला. मधली सुई तुटलेली. शिडीवर कुठेतरी दाबली गेली असणार. चाकूने कोॲक्स सोलली, मधली तार ट्रान्सफॉर्मरच्या पायाला पिळून बांधली, वर बँडेजची पट्टी. लागलं. हुबळी मिळालं, सुरतजवळचं एक स्टेशन मिळालं, पण वारा आला की आवाज ये-जा करायचा.

एव्हाना भोवती गर्दी जमली होती. ड्रोन आहे का? रेंज येते का तुमच्याला? सरकारी आहे का? नाशिकहून आलेल्या एका आजींनी मात्र बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, “पण यांच्याशी बोलायचं काय असतं?” मी विचार करत राहिलो. भाचीने सांगून टाकलं, “आवाज कसा येतोय, एवढंच.”

संध्याकाळी खाली उतरून राजूरमार्गे पाचनईला मुक्कामाला.

रविवार : तारामती

पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाच्या वाटांतली सोपी. पुढे आलेल्या कातळाच्या छपराखालून जाते, मग कोरड्या पडलेल्या ओढ्याच्या बाजूने वर. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वाटेत वनरक्षकाने काठी पाहून थांबवलं. लायसन्सच्या प्रती काढून दाखवल्या. त्याने त्या नीट वाचल्या. त्याच्या कमरेला स्वतःचा वायरलेस होताच. “तुमचा किती लांब लागतो?” त्याने विचारलं. काल सिंहगड लागला म्हटल्यावर त्याने आपल्या सेटकडे जरा नाराजीने पाहिलं.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराची गुहा, चारांतल्या एकाच खांबावर उभं असलेलं छत आणि शिवलिंगाभोवतीचं गारठलेलं पाणी. यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मित्र त्या पाण्यात उतरला आणि ज्या वेगाने बाहेर आला त्यावरून आम्ही उतरलो नाही. सगळं बघत, जेवत दुपार सरली आणि गडावरच्या तारामती शिखराच्या माथ्यावर पोचायला चार वाजले. चूक इथेच झाली. चार वाजता रविवारी कोण रेडिओपाशी असतं?

काका होते. पुण्यात घरी, पण आता ते डोंगरावर नव्हते. आवाज इतका बारीक की अर्धे शब्द आम्ही अंदाजाने भरले. नारायणगाव छान. संगमनेर छान. आणि मग काहीच नाही. कालचं नाशिक, जे हाकेच्या अंतरावर वाटत होतं, त्याचा पत्ता नव्हता. नकाशा काढला तेव्हा उलगडा झाला : आम्ही आणि नाशिक यांच्या मध्ये कळसूबाईचीच रांग आडवी पडली होती. काल जिने हात दिला तीच आज आड आली, असं मी म्हणालो. मित्र म्हणाला, भिंत आहे ती, तिला काय कळतंय.

लांब वायर लावली. रेडिओवरचा एसडब्ल्यूआरचा काटा थेट टोकाला. म्हणजे वीज अँटेनात न जाता परत येत होती. पिळून बांधलेला जोड सॅकमध्ये सुटला होता, पुन्हा पिळायला गेलो तर तार मुळाशीच तुटली. भाची हँडीवर हाका मारत राहिली. दर मिनिटाला एक. साडेपाच झाले, सूर्य खाली आला, वारा उठला. दुसरा स्वेटर घरी हॉलमध्ये होता.

वहीत त्या दिवसाच्या पानावर तिने आधीच १ ते ४ आकडे घालून ठेवले होते. चारपुढे कोरं.

कोकणकड्यावर पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. याच कड्यावर ढग आणि ऊन यांचा मेळ जमला तर इंद्रवज्र दिसतं, गोल इंद्रधनुष्य आणि मध्ये आपलीच सावली. पण ते पावसाळ्यातलं. आम्हांला दिसला तो खाली कोकणात पसरत चाललेला अंधार आणि एकेक लागणारे दिवे.

टपरीवाल्या दादांकडे चहा सांगितला आणि विचारलं, चुलीत एक खिळा तापवू का? ते म्हणाले, तापवा की. माझ्या डब्यात शिशाची तार, म्हणजे सोल्डर, पेन्सिलीला गुंडाळलेली असते. काकांचीच शिकवण. पकडीत धरून खिळा निखाऱ्यात खुपसला. पहिल्या खेपेला सोल्डर नुसतं गोळा होऊन घरंगळलं, तांब्याला धरेना. दुसऱ्यांदा तार चाकूने खरवडून लख्ख केली, टोकाला जुन्या डबीतलं रोझिन लावलं, खिळा टेकवला. वास आला, धूर आला, आणि ते पाऱ्यासारखं चमकून तारेत शिरलं. भाचीने बॅटरीचा झोत धरला होता, श्वास रोखून. दादांनी चहाचा ग्लास पुढे केला. “जमलं?” काटा खाली आला होता. जमलं.

कड्याच्या काठापासून चांगलं मागे, काठीवर वायर चढवली. पश्चिमेला जमीन एकदम खाली जाते तिथून लहरी बुटक्या कोनात दूर निघतात, म्हणून समुद्रापलीकडचं गाठायला अशी जागा उत्तम. साडेसातला वीस मीटरच्या बँडवर मोर्सने हाक दिली. दा-डि-दा-डिट, दा-दा-डि-दा. पाच वॅट म्हणजे गाडीच्या मागच्या छोट्या दिव्याएवढी वीज. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं, कॉलसाइनची सुरुवात ‘आय’ने. इटली. सूर चढत होता, विरत होता, पण प्रत्येक अक्षर सुटं. पाच-पाच-नऊ दिले, पाच-तीन-नऊ मिळाले, शेवटी दोघांचे त्र्याहत्तर. हॅमच्या भाषेत ७३ म्हणजे लोभ असावा.

दादांनी विचारलं, “कोण होतं?” इटली म्हटल्यावर त्यांनी अंधारात पश्चिमेकडे पाहिलं.

मी हवेत होतो. भाची म्हणाली, “मामा, हा चौथा नाही ना?” नव्हता. कोकणकडा तारामतीच्या माथ्यापासून पंचवीस मीटरच्या कितीतरी खाली आहे. साडेसहा हजार किलोमीटर गेलो, पण तारामतीच्या खात्यात शून्य. काकांना फोन लावला, एक दांडी रेंज होती. त्यांनी इटलीचा रिपोर्ट विचारला, मग म्हणाले, “साडेपाचपर्यंत वेळ आहे तुम्हांला.”

“पहाटे?”

“मग पत्ते खेळा.”

सोमवार : साडेपाच

मित्र तंबूतून बाहेर आलाच नाही. टपरीवाल्या दादांचा मुलगा वाट दाखवायला आमच्याबरोबर निघाला. पावणेचारला निघून पाचला दहा कमी असताना माथ्यावर. वारा पडला होता, पण थंडी अशी की सोल्डरच्या जोडाला हात लावायची भीती वाटत होती. मी मित्राचं जाकीट घालून आलो होतो, न विचारता.

चाळीस मीटर. रात्री हा बँड दूरवर पसरतो. कुठलीशी परकी भाषा, कुठे मोर्सचे तुकडे, मध्येच एखादं ताकदवान स्टेशन सगळ्यांवर बसलेलं. भाचीने हाक सुरू केली. ५ वाजून ५ मिनिटं. ५.१२. ५.१९ ला कोणीतरी “क्यूआरझेड?” म्हणालं, म्हणजे कोण बोलावतंय. तिने कॉलसाइन तीनदा दिला. तो दुसऱ्याच कोणाशी बोलायला लागला. ५.२६ ला तिने मोजे काढून हातात घातले. तिच्या हातातला माइक किंचित थरथरत होता, आणि ती प्रत्येक हाकेनंतर बटण सोडून बरोबर पाच सेकंद ऐकत होती, एकदाही घाई न करता. मला ते जमत नाही.

साडेपाच झाले. तिने घड्याळ पाहिलं, काही बोलली नाही, वहीचं पान उलटलं, नवी तारीख लिहिली आणि पुन्हा हाक दिली.

५.३४ ला मंगळूरच्या एका आजोबांचा आवाज आला. सकाळच्या नेटआधी, म्हणजे हॅम मंडळींच्या हवेतल्या बैठकीआधी, सेट गरम करायला बसलेले. “युअर कॉल अगेन, स्लोली, माय डिअर.” तिने एकेक अक्षर दिलं. अर्धं गेलं, पुन्हा दिलं. थ्री-थ्री, म्हणजे जेमतेम. मग त्यांनी विचारलं की शिखरावर आत्ता उजाडलंय का. तिने सांगितलं, नाही, पण पूर्वेकडे एक बारीक रेघ आहे.

त्यांनीच मग आपल्या मंडळींना सांगितलं की एक मुलगी डोंगरावर बसली आहे, जरा शांत राहा. कोची. कोइमतूर. आणि सव्वासहाला हँडीवर खरखरीतून काका.

“किती झाले?”

“आजचे चार. कालचे तीनच राहिले.”

“राहू देत,” काका म्हणाले. मग जरा थांबून, “जोड कशाने केलास?” खिळ्याने, मी सांगितलं. त्यांनी खिळा किती लांबीचा होता ते विचारलं.

सूर्य आला तेव्हा आवराआवर सुरू झाली. दवाने काठीचे दोन भाग एकमेकांत घट्ट बसले होते. ओढलं, पिळलं, फडक्याने चोळलं, पण सरकेनात. शेवटी तशीच दीड मीटर बाहेर आलेली काठी सॅकला बांधून उतरलो. पाचनईत बांधावर बसलेल्या एका आजोबांनी ती लांबूनच पाहिली.

“गडावर मासे मिळतात व्हय?”

“काल तीन, आज चार,” भाची म्हणाली आणि गाडीकडे चालत राहिली.